हवेतलं गायरान

त्यांच्याशी फोनवर बोलणं ही शिक्षा होती. आपण "सर, एक विचारायचं होतं" म्हणायचं आणि पलीकडं सामसूम. फोन कटला की काय म्हणून कानापासून दूर धरून बघावं, तर पडद्यावर सेकंद पळतच असायचे. मग आपण वैतागून "हॅलो, हॅलो" करायचं आणि नेमके तेव्हाच ते "बोला" म्हणायचे. दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले की ते पुन्हा गप्प व्हायचे, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त. नवखा माणूस चिडून फोन ठेवून द्यायचा. मला ती सोय नव्हती, कारण ते माझे साहेब होते.

मी मूळची बडबडी. आमच्या घरात सगळे एकाच वेळी बोलतात आणि सगळ्यांना सगळं कळतं. अशा घरातून उठून मी अशा माणसाच्या हाताखाली येऊन पडले, जो समोरचा गप्प झाला तरी लगेच तोंड उघडायचा नाही. आधी ऐकायचा. कुणी बोलत नाही ना, याची खात्री करायचा. मग शर्टाच्या खिशातून ल्युडोचा फासा काढून तळहातावर उलटायचा आणि जेवढं दान पडेल तेवढे श्वास थांबायचा. मधेच कुणी बोलायला लागलं तर फासा मुठीत धरून ठेवायचा, त्याचं बोलून होऊ द्यायचा आणि मग उरलेले श्वास पुरे करायचा. एवढं सगळं झाल्यावर सर बोलायचे, आणि बोलायचे तेही थोडंच. आपली वेळ झाली असं वाटलं की वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प व्हायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाला बोलायचं असेल तर त्याला हवा मोकळी मिळावी. त्यांची कितीतरी वाक्यं मी आजही मनातल्या मनात पुरी करत बसते.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती. एक प्रश्न विचारला, मी घडाघडा उत्तर दिलं, आणि ते छताकडं बघत बसले. मला वाटलं, गेली नोकरी. आणखी काही बोलून सारवासारव करावी असं जिभेच्या टोकावर आलं होतं, पण घसा कोरडा पडला म्हणून गप्प राहिले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तुम्ही थांबलात. लोक थांबत नायत." त्या कोरड्या घशावर मला नोकरी मिळाली. नंतर माझी बडबड ऐकून त्यांना पश्चात्ताप झाला असणार, पण त्यांनी तो कधी दाखवला नाही.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, बिस्किटांच्या एका कारखान्याच्या मागं, आमची छोटी प्रयोगशाळा होती. बिनतारी यंत्रं बाजारात जाण्याआधी तपासून घ्यायला तिथं यायची. दुपारी कारखान्याच्या भट्ट्यांचा गोड वास खिडकीतून आत शिरायचा आणि सगळ्या प्रयोगशाळेला पेंग यायची. पंखा संथ फिरायचा, यंत्रांचे हिरवे दिवे मिचमिचायचे, आणि आपण जागे आहोत की झोपलोय हे नीटसं कळायचं नाही. अशाच एका पेंगुळलेल्या दुपारी सरांनी मला गायरान समजावून सांगितलं.

"मोबाइल कंपन्या हायत ना," ते म्हणाले, "त्यांनी सरकारकडून आपापल्या लहरी घेतल्यात. ती त्यांची सातबाऱ्यावरची जमीन. तिथं दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाय. पण हवेत काही पट्टे असे हायत, तिथं कुणालाच परवाना लागत नाय. घरातलं वाय-फाय, कानात घालायची ती बिनतारी बोंडं, पोरांची रिमोटवरची खेळणी, सगळी तिथंच चरतात. ते गायरान."

फासा तळहातावर उलटला. ते थांबले. खिडकीतून वास येत राहिला.

"आता मोबाइलवाल्यांची स्वतःची रानं भरून गेली. म्हणून त्यांना पण आपली ढोरं गायरानात सोडायचीत. सोडू द्या की. गायरान सगळ्यांचंच हाय. फक्त..."

आणि त्यांची वेळ संपली. त्या 'फक्त'च्या पुढचं मला हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी कळलं. फक्त आधी ऐकायचं. कुणी बोलत असेल तर थांबायचं. हवा रिकामी झाली म्हणून लगेच झेप घ्यायची नाही, आणखी थोडं थांबायचं, आणि ते प्रत्येकानं आपापल्या नशिबानं कमी-जास्त, म्हणजे दोघं एकदम सुटणार नाहीत. बोलून झालं की जागा सोडायची. एकाच हवेत राहणाऱ्या यंत्रांनी असं वागावं, हे त्या विषयातल्या शहाण्या माणसांनी ठरवलेलं होतं. सरांचं म्हणणं एवढंच होतं की जो नियम आपण पत्र्याच्या डब्यांना लावतो, तो आपल्याला का नको.

हे म्हणणं त्यांना जालना रोडवर फार महागात पडायचं. सिग्नल नसलेल्या चौकात ते स्कूटर थांबवायचे, दोन्हीकडं ऐकायचे, फासा काढायचे. मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. एकदा एक रिक्षावाला उतरून त्यांच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "चचा, लूडो खेलना है तो घर पे खेलो ना!" सरांनी त्याचं बोलून होऊ दिलं, थोडं थांबले, आणि मग अगदी आदरानं म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. जा तुम्ही आधी." तो माणूस डोक्याला हात लावून निघून गेला. सर त्या दिवशीही उशिराच आले.

गायरान हा शब्द त्यांनी पुस्तकातून आणलेला नव्हता. दौलताबादच्या किल्ल्याखाली त्यांचं गाव, घरची शेती. लहानपणी सगळ्या गावाची गुरं घेऊन पोरं ज्या माळावर जायची, ते गायरान त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. "कुणी चोरलं नाय," ते सांगायचे. "जो तो आपला बांध जरासा आत सरकवत गेला. प्रत्येकाला वाटलं, एवढ्यानं काय होतं. एक दिवस गुरं घेऊन गेलो, तर गुरांना फिरायला जागाच नाय." हे सांगताना मात्र ते वाक्य अर्ध्यावर सोडत नसत. 

प्रयोगशाळेत एक लोखंडी खोली होती. तिचं जाड दार लावलं की बाहेरची एकही लहर आत येत नसे, फोन मुके व्हायचे. यंत्रं तपासायला ती बांधलेली, पण काम नसलं की सर चहाचा कप घेऊन आत जाऊन बसायचे. मला एकदा त्यांनी बोलावलं. दार लागलं आणि कानात कापूस घातल्यासारखं झालं. समोर पडद्यावर एक सपाट रेघ होती, जराही न हलणारी. "इथं हवा झोपलेली असती," ते हळूच म्हणाले. आम्ही दोघं त्या झोपलेल्या हवेत चहा पीत बसलो. मी, जिला गप्प बसलं की खाज सुटते, तिलाही काही बोलावंसं वाटलं नाही.

याच्या उलट प्रकार त्यांच्या पडेगावच्या घराच्या गच्चीवर. एका रविवारी सकाळी त्यांनी मला तिथं नेलं, अँटेना उभा केला आणि पडद्यावर गायरान दाखवलं. वरून खाली रंग झिरपत होते, निळ्यात पिवळे ठिपके, मधेच लाल पट्टा. समोर दौलताबादचा रस्ता, त्यापलीकडं डोंगर धुक्यात पुसट झालेले, आणि आम्ही दोघं मान खाली घालून न दिसणाऱ्या गर्दीकडं बघतोय. "हे ठिपके वाय-फायचे," सर म्हणाले. "बकरीची जात. तोंड लावती, सोडती. तो लाल पट्टा बघा, ते मोबाइलचं. म्हैस. बसली की बसली." शेजारच्या घरात कुणीतरी उठलं असावं, कारण एक नवाच पिवळा ठिपका उगवला आणि सर हसले, "उठलं बघा पोरगं. कार्टून लावलं." मला त्या क्षणी हे सगळं गाव अंगावरची पांघरुणं सारून हवेत हलकेच बोलायला लागलंय असं वाटलं. तसं अजूनही कधी कधी सकाळी वाटतं.

खालून काकूंनी चहाला हाक मारली, ती गच्चीवरच काय, रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत गेली असेल. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. वेरूळच्या शाळेत आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या. त्यांचा आवाज असा खणखणीत होता की त्या "गप्प!" म्हणाल्या की शेजारच्या वर्गातले गुरुजीसुद्धा गप्प व्हायचे, असं सर कौतुकानं सांगत. त्यांचा संसार कसा चालतो याचं आम्हाला ऑफिसात फार कुतूहल होतं. ते मला त्या चहाला कळलं. काकू बोलायच्या आणि सर ऐकायचे. त्या श्वास घ्यायला थांबल्या की सर फासा काढायचे, आणि श्वास मोजून व्हायच्या आत काकू पुन्हा सुरू. "लग्न झाल्यापासून ह्यांचं दान काही लागलं नाही," काकू मला म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या. सरही हसले. मला वाटतं, असा समाधानी हरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधीच होती, पण आवाज गेला. अगदी गेला नाही. एक बारीक, फाटका धागा उरला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की रोज बोलायचं, कुणाशी तरी बोलायचं, घसा चालवायचा. गप्प बसलात तर आहे तेवढाही आवाज राहणार नाही. मुलगी परदेशी. घरात दिवसभर दोघंच, कारण सरांनी तोवर कामाचे दिवस कमी करून घेतले होते. म्हणजे काकूंना बोलायला माणूस होता एकच. आणि नेमके त्याच सुमाराला सरांचे कान गेले.

हे आधी आमच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांच्या उशिरा उत्तर देण्याची आम्हाला सवयच होती. मला ते कळलं काकूंच्या हातची येसराची आमटी खाताना. ऑपरेशननंतर मी भेटायला गेले होते. त्यांनी हट्टानं जेवायला बसवलं. भाकरी वाढता वाढता काकू वेरूळच्या शाळेतली गंमत सांगायला लागल्या. शाळेत साहेब तपासणीला येणार होते आणि अर्धा वर्ग लेण्यांकडं पळाला होता. मी ताटावर वाकून ऐकत होते. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होता. सरांनी मान जरा तिरकी केली. ऐकलं. खिशातून फासा काढला, तळहातावर उलटला, श्वास मोजले, आणि काकूंच्या वाक्याच्या बरोबर मध्यावर म्हणाले, "आमटी झकास झालीय."

काकू थांबल्या. सरांचं बोलून होऊ दिलं. मग पुन्हा सुरू केलं, "तर मी काय केलं, त्या पोरांना..." सरांनी पुन्हा मान तिरकी केली. पुन्हा फासा. "काय हो, आज सगळे गप्प का?" ते म्हणाले.

एवढा सभ्य माणूस. आयुष्यात कुणाचं बोलणं तोडलं नाही त्यानं. आणि आपल्याच ताटावर, सगळे नियम पाळून, फासा टाकून, तो आपल्या बायकोला तुडवत चालला होता. मी काही बोलणार तेवढ्यात काकूंनी टेबलाखाली माझा हात दाबला.

स्वयंपाकघरात भांडी ठेवताना त्या मला म्हणाल्या, "सांगू नको गं त्यांना. जन्मभर एकाच गोष्टीचा अभिमान बाळगला त्यांनी, की मी ऐकतो. तेवढं राहू दे त्यांचं."

"पण काकू, तुमचा आवाज? डॉक्टर म्हणाले होते..."

"बोलते की मी. रोज बोलते." मग नळ सोडून, पाण्याच्या आवाजात म्हणाल्या, "पण भिंतीशी किती बोलणार? हल्ली कंटाळा यायला लागलाय."

त्या कंटाळ्याची मला भीती वाटली. मी आडून आडून प्रयत्न केला. एकदा सरांना म्हटलं, "सर, हल्ली कानाची यंत्रं लई बारीक मिळतात म्हणे. कळतसुद्धा नाहीत." त्यांनी नेहमीप्रमाणे वेळ घेतला. मग म्हणाले, "ती बिनतारी असतात. फोनला जोडतात. म्हणजे गायरानात आणखी एक जनावर. मला काय गरज? माझ्या वाटची जागा दुसऱ्या कुणाला मिळंल." आणि जरा वेळानं, दुखावल्यासारखं, "मला येतं ऐकू. लोकच हल्ली हळू बोलतात." पुढं काकूंना फोन केला की त्या "हं", "हो", "बरं" एवढ्यावर आल्या. एके काळी या बाईचा फोन मी कानापासून दूर धरायचे. आता आवाज वाढवूनही काही कळत नव्हतं, आणि जे कळत होतं त्यात काही सांगितलेलं नव्हतं.

त्याच दिवसांत पुण्याहून एक डबा तपासायला आला. छोटासा मोबाइल टॉवरच म्हणा, भिंतीवर लावायचा. आपला भार तो गायरानात सोडणार होता. त्याच्याबरोबर कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला होता, हुशार, नम्र, इस्त्रीच्या शर्टातला. तपासणीत डबा व्यवस्थित उतरला. आधी ऐकत होता, थांबत होता, वेळेवर गप्प होत होता. आमचे मालक खूश झाले. मी सरांकडं सहीला कागद नेला.

सर म्हणाले, "एक काम करा. एक वाय-फायचं खोकं पार तिकडच्या टोकाला ठेवा. एकदम हळू आवाजाचं."

मी ठेवलं. पडद्यावर त्या खोक्याची एक फिकट रेघ उमटली, आणि लगेच डब्याचा लाल पट्टा तिच्यावर पसरला. रेघ विझली. पट्टा संपला. रेघ पुन्हा उमटू लागली, पुन्हा पट्टा. खोक्याला डबा ऐकू येत होता, म्हणून ते थांबत होतं. डब्याला खोकं ऐकू येत नव्हतं, म्हणून तो थांबत नव्हता.

"सर, पण आमचा डबा नियमानंच वागतोय," इंजिनिअर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. "किती मोठा आवाज आला की थांबायचं हे ठरलेलं आहे, आणि हा आवाज त्याच्याहून बारीक आहे. त्याला ऐकूच येत नाही, तर तो काय करणार? त्याच्या दृष्टीनं हवा रिकामीच आहे."

सर पडद्याच्या अगदी जवळ गेले. फिकट रेघ उमटत होती, तुटत होती.

"हे बोलायचं बघतंय का अजून?" त्यांनी मला मोठ्यानं विचारलं.

"हो सर. पण दर वेळी जास्त थांबतंय. आता प्रयत्न कमी झालेत."

"आन् पुढं?"

"पुढं जोडणी सुटते."

बिस्किटांचा वास यायला लागला होता. पंखा फिरत होता. सर इंजिनिअरकडं वळले आणि फासा न टाकता, न थांबता म्हणाले, "तुमचा डबा लबाड नाय हो. बहिरा हाय."

एवढं म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. मला वाटलं, नेहमीसारखी वेळ संपली. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता, आपल्याच तोंडून निघालेलं काहीतरी त्यांनी ऐकलं होतं. इंजिनिअर जरा वेळ घुटमळला आणि चहाला गेला. मग सर माझ्याजवळ आले, इतके जवळ की मला त्यांच्या शर्टाचा निळीचा वास आला.

"ताई," ते म्हणाले, "आमच्या घरी... ही बोलती का?"

"बोलतात, सर," मी पुटपुटले.

त्यांना ते ऐकू आलं नाही. मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

"मी समोर असताना?"

"तुमच्याशीच बोलतात."

"मग मी काय करतो?"

मला खोटं बोलायचं होतं. फार बोलायचं होतं. पण त्या माणसाशी कुणी कधी खोटं बोललेलं मी पाहिलं नव्हतं. "तुम्ही फासा टाकता, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि लोखंडी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. आतून काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, ती खोलीच तशी होती. पण दाराला हात लावून उभी होते मी, आणि मला रडू येत होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सर बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. इंजिनिअरला त्यांनी एवढंच सांगितलं की डब्याचे कान आणखी तिखट करा, मग सही करतो. तो थोडी कुरकुर करून तयार झाला. बहुधा सरांच्या चेहऱ्याकडं बघूनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला कानाच्या यंत्रांच्या दुकानात बरोबर नेलं. दुकानदारानं यंत्राचं गुणगान सुरू केलं, फोनला जोडतं, टीव्हीला जोडतं, सगळं बिनतारी. सरांनी विचारलं, "गायरानात हे किती जागा खातं?" दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सर, बकरीपेक्षा कमी. चिमणीएवढं." मग त्यांनी कान पुढं केला. यंत्र बसलं, सुरू झालं, आणि सर एकदम वर बघायला लागले.

"हा पंखा," ते म्हणाले, "कायम असा करतो?"

मी त्यांना माझ्या गाडीतून पडेगावला सोडायला निघाले. वाटेत त्यांनी काच खाली केली. वारा, टायर, लिंबाच्या झाडांतले साळुंख्यांचे तंटे, लांब कुठंतरी चाललेली पिठाची गिरणी. ते एकेका आवाजाकडं मान वळवत होते. मी चक्क गप्प होते. घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "तिला लगेच सांगू नका. आधी नुसतं ऐकू द्या."

फाटक उघडंच होतं. काकू पाठमोऱ्या, ओट्यावर सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. उन्हं कलली होती आणि ओट्यावर लिंबाची सावली हलत होती. त्या बोलत होत्या. समोर कुणी नव्हतं. सरांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि आम्ही भिंतीशी उभे राहिलो.

"गजानन," काकू म्हणाल्या. थांबल्या. सुपातला एक खडा उचलून टाकला. "शबाना." थांबल्या. "विमल. अंकुश. बेबी. लहानू."

मला काही उलगडेना. मी सरांकडं बघितलं, तर ते पुटपुटत होते, "तिचा पहिला वर्ग. हजेरी घेतीय." डॉक्टरांनी रोज बोला म्हणून सांगितलं होतं, रोज नवीन काय बोलणार, म्हणून ही बाई या ओट्यावर बसून, केव्हाच मोठ्या होऊन आपापल्या वाटेनं गेलेल्या पोरांची हजेरी घेत होती. प्रत्येक नावानंतर त्या पोरापुरती जागा सोडत होती. नावं त्या फाटक्या आवाजात एकेक करून वर येत होती आणि उन्हात विरून जात होती. सर भिंतीला टेकले होते, आणि त्यांच्या कानावरून एकही नाव निसटत नव्हतं.

हजेरी संपली. काकूंनी सूप पाखडलं. आणि मग शेवटी, जरा हसल्यासारखं, त्यांनी सरांचं नाव घेतलं.

नुसतं नाव. 'अहो' नाही, 'हे' नाही. आमच्याकडं त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडावर आणत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. काकूंनी ते पोरांच्या ओळीत शेवटी बसवलं होतं, आणि रोजच घेत असणार, कारण ऐकणारं कुणी नव्हतं. नाव घेऊन त्या थांबल्या.

"हजर," सर म्हणाले. "हजर, बाई."

सूप जागच्या जागी थांबलं. काकूंनी मागं वळून बघितलं नाही. तसंच पुढं बघत, शाळेत उशिरा आलेल्या पोराला विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"इतके दिवस कुठं होता तुम्ही?"